‘मामा, एकदा उडवा ना!’

रविवारी पहाटे चारला अलार्म वाजला, तेव्हा तो बंद करून पुन्हा पांघरुणात शिरावंसं वाटलं. पण आम्ही चौघांनी आठवडाभर ऑफिसात ‘भिगवण, भिगवण’ करून सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. आता टांग मारली असती, तर सोमवारी कँटीनमध्ये तोंड दाखवायची सोय नव्हती. निघालो. हडपसर मागे पडलं, सोलापूर रोडवर चहा झाला आणि पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवर, उजाडता उजाडता कुंभारगावच्या काठावर पोहोचलो.

समोर पाणीच पाणी. ही आपली भीमा. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं आणि नदी इथे फुगून तळ्यासारखी संथ झाली. काठच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. शेती गेली तशी पुष्कळांच्या हातात जाळं आलं. आता हीच मासेमार मंडळी हिवाळ्यात आपल्याला पक्षी दाखवायला नेतात.

आमचे नावाडी मामा साठीच्या आसपासचे. पुस्तक वगैरे काही नाही, पण नजर अशी की आपली दुर्बीण लाजावी. ‘त्यो बघा चित्रबलाक. त्याच्या पल्याड चमचा.’ मध्येच पट्टकादंबांचा थवा डोक्यावरून गेला. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे पाहुणे हिमालय ओलांडून येतात. आम्हाला सिंहगड चढताना धाप लागते!

आणि मग दिसले ते. उथळ पाण्यात गुलाबी-पांढरी रांग. फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित. मामांनी इंजिन बंद केलं, लांब बांबू हातात घेतला आणि होडी अलगद पुढे नेऊन थांबवली.

आमच्यातल्या एकानं नवाकोरा कॅमेरा घेतला होता, हप्त्यावर. त्याला राहवेना. ‘मामा, अजून जवळ घ्या ना. एकदा उडवा ना! पंखांचा एकच शॉट!’

‘न्हाई दादा. खातायत ती. तुमी जेवताना कुनी ताट वढलं तर?’

यानं खिशातून शंभराची नोट काढली. मामांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

‘फोटू मिळाला की गिऱ्हाईक खूश, ह्ये मलाबी कळतंय. पर रोज उडवली, तर ती हितं थांबतील कशाला? आन् ती न्हाई आली, तर तुमी तरी कशाला याल?’

होडीत एकदम शांतता. नोट खिशात गेली.

मामांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. रोहित चोच उलटी करून चिखलपाणी गाळतो आणि त्यातले बारीक जीव, शेवाळ खातो. त्याचा गुलाबी रंगही याच खाण्यातून येतो. अंग जड, त्यामुळे उडायच्या आधी त्याला पाण्यावर पळावं लागतं. म्हणजे आपल्या एका फोटोपायी त्याचं जेवण मोडतं, वर ताकद वाया जाते. दिवसात दहा होड्यांनी हेच केलं तर?

आम्ही वीस मिनिटं तिथेच बसलो. कुणी बोललं नाही, मोबाइलही निघाले नाहीत. शेवटच्या मीटिंगमध्ये आपण वीस मिनिटं गप्प कधी बसलो होतो, आठवतंय? हळूहळू चार-पाच रोहित चरत चरत आमच्या दिशेनं सरकले. चिखल ढवळल्याचा आवाजही ऐकू यायला लागला.

तुम्हीही जा. नोव्हेंबर ते मार्च हा चांगला काळ. रोहितांना उथळ पाणी लागतं, म्हणून धरणाचं पाणी ओसरलंय का, ते निघण्याआधी गावात फोन करून विचारा. पहाटेची पहिली होडी गाठा, भडक कपडे टाळा, लाइफ जॅकेट घाला. आणि पक्षी न उडवणाऱ्या नावाड्याला ठरल्यापेक्षा थोडे जास्त पैसे द्या. त्याचा प्रामाणिकपणा त्याला तोट्यात पडता कामा नये.

आमच्या मित्राला उडतानाचा शॉट काही मिळाला नाही. त्याच्या फोटोत सगळे रोहित माना खाली घालून जेवतायत, एकाचंही तोंड दिसत नाही. तोच त्यानं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लावलाय. कुणी विचारलं तर सांगतो, ‘लंच अवर आहे, डिस्टर्ब करू नका.’