प्राण्यांची भाषा : उपजत की शिकलेली?



यंत्रमागांच्या खडखडाटात शेजारच्याचा शब्द कानी पडत नाही, म्हणून कामगार हातवाऱ्यांनी बोलतात. धागा तुटला, कांडी संपली, मालक आला, प्रत्येकाची खूण ठरलेली. ती घेऊन कोणी जन्माला येत नाही. नवा पोरगा जुन्याकडे पाहून ती उचलतो, उचलताना थोडी बदलतो. सोयीची असेल ती टिकते. सांस्कृतिक उत्क्रांती म्हणतात ती हीच. प्राण्यांची भाषाही अशीच घडते काय?

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यालगत हंपबॅक जातीचे नर देवमासे गातात, आणि बहुधा सारे एकच गाणे गातात. १९९५-९६ या दोन वर्षांत नोंदलेल्या ८२ गायकांपैकी दोघे मात्र निराळे गाणे गात होते. ते पश्चिम किनाऱ्याकडचे होते. १९९८ साली पूर्वेकडचे सगळेच ते गाऊ लागले, जुने गाणे मागे पडले. देवमासा कित्येक दशके जगतो. दोन-तीन वर्षांत पिढी बदलत नाही, मग रक्तातला गुण कसा बदलेल? गाणे ऐकून शिकले गेले, हेच उत्तर उरते.

पण म्हणून सारेच शिकलेले, असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. मधमाशी फुलांची दिशा व अंतर नाचून सांगते. अनुभवी माश्यांवाचून वाढवलेल्या माश्याही नाचतात, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. मात्र त्यांची अंतराची चूक कधीच सुधारली नाही. नाच उपजत, सफाई संगतीची.

तेव्हा कसोटी अशी : थोरांवाचून पोराला ते येते काय? येत नसेल, तर थोर गेल्यावर भाषाही जाते. ऑस्ट्रेलियातला रीजंट हनीईटर हा पक्षी आता काही शेच उरला आहे. गाणे शिकायला पोरांना मोठा नर जवळ सापडत नाही. २०२१ सालच्या एका अभ्यासात शंभरांतले बारा नर स्वजातीचे गाणे मुळीच न गाता परक्या जातींचे गाताना आढळले. भलते गाणाऱ्याला मादी मिळणे कठीण. म्हणून पिंजऱ्यात वाढणाऱ्या पिल्लांजवळ आता रानात जन्मलेले नर शिक्षक म्हणून ठेवतात.

संघटनेत आम्ही सभासद मोजतो. जुना कार्यकर्ता गेला की त्याच्याबरोबर काय गेले, ते पावतीपुस्तकात दिसत नाही. पाखरांचेही तसेच आहे. नुसती डोकी मोजून भागत नाही. शिकवणारा वाचला पाहिजे.