राखेखालचा निखारा : मल्टिपल स्क्लेरोसिस आणि मज्जासंस्थेतील दाह

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत धम्म, शिक्षण आणि आंबेडकरी चळवळ या विषयांवरील लेख नेहमीच असतात. या वेळी आम्ही एका आजाराविषयी लिहीत आहोत. त्याला तसेच कारण घडले. आपल्या एका सभासदांच्या मुलीला बी.एड. करीत असताना एका डोळ्याने अंधुक दिसू लागले. डोळा हलविला की दुखे. चार आठवड्यांत ते आपोआप ओसरले आणि सर्वजण विसरून गेले. पुढल्या वर्षी कमरेखाली बधिरपणा आला, पाय जड झाले, चालताना तोल जाऊ लागला. कोणी म्हणाले अशक्तपणा आहे, कोणी म्हणाले अभ्यास नको म्हणून सोंग करते. आणि लिहिताना आम्हाला लाज वाटते, पण दीक्षा घेतलेल्या आपल्याच वस्तीत “बाहेरचे काहीतरी असेल” असे कुजबुजणारेही निघाले. निदान होईपर्यंत अडीच वर्षे गेली. आजाराचे नाव निघाले मल्टिपल स्क्लेरोसिस, थोडक्यात एम.एस.

ही अडीच वर्षे फार मोलाची होती. ती का, हे सभासदांना व विद्यार्थ्यांना कळावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आजार कशाचा?

आपला मेंदू आणि पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू यांतून निघणारे संदेश मज्जातंतूंवाटे धावतात. विजेच्या तारेवर जसे प्लॅस्टिकचे वेष्टण असते, तसे पुष्कळशा मज्जातंतूंवर मायेलिन नावाच्या स्निग्ध पदार्थाचे वेष्टण असते. मात्र उपमा इथेच थांबवावी लागते. मायेलिन नुसते संरक्षण करीत नाही. त्याच्यात ठरावीक अंतरावर फटी असतात आणि संदेश एका फटीवरून दुसऱ्या फटीवर उड्या मारीत जातो. त्यामुळे जाड तंतूंत संदेशाचा वेग सेकंदाला १०० मीटरच्या आसपास पोहोचतो. वेष्टण नसलेल्या बारीक तंतूंत तो सेकंदाला मीटरभरच असतो.

एम.एस.मध्ये हे वेष्टण जागोजागी उखडले जाते. संदेश मंदावतो, अडतो, कधी पोहोचतच नाही. दृष्टीच्या नसेवर घाव पडला तर दिसणे अंधुक होते. मज्जारज्जूवर पडला तर पायांना मुंग्या, बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणे. मेंदूच्या मागील भागात पडला तर तोल जातो, एकाचे दोन दिसते. म्हणूनच दोन रुग्णांची लक्षणे सारखी नसतात आणि वेगवेगळ्या वेळची लक्षणे एकाच आजाराची आहेत हे घरच्यांच्या ध्यानात येत नाही.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे स्पष्ट वर्णन केले. मरणोत्तर तपासणीत मेंदूत ठिकठिकाणी कठीण झालेले चट्टे दिसत. ‘अनेक ठिकाणचा कठीणपणा’ हाच या नावाचा अर्थ. आज जगात २८ लाखांहून अधिक लोकांना हा आजार आहे. तो बहुधा २० ते ४० या वयात सुरू होतो आणि स्त्रियांमध्ये पुरुषांच्या दुप्पट ते तिप्पट आढळतो. म्हणजे शिक्षण, नोकरी, संसार उभा करण्याच्या ऐन काळात तो गाठतो. तो संसर्गाने एकाकडून दुसऱ्याला होत नाही.

घरच्याच पहारेकऱ्याचा वार

मायेलिन उखडतो कोण? आपलीच रोगप्रतिकारक यंत्रणा. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंशी लढण्यासाठी असतात. एम.एस.मध्ये त्यांपैकी काही पेशी मायेलिनलाच शत्रू समजतात, रक्त आणि मेंदू यांमधील अडसर ओलांडून आत शिरतात व तेथे दाह माजवितात. दाह म्हणजे काय हे पिकलेल्या जखमेवरून सर्वांना ठाऊक आहे : लाली, सूज, उष्णता, वेदना. तोच प्रकार मेंदूत घडला की त्याला मज्जासंस्थेतील दाह म्हणतात.

पहारेकरी चुकतो कसा, हा प्रश्न शंभर वर्षे छळत होता. २०२२ च्या जानेवारीत त्यावर मोठा प्रकाश पडला. अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठातील अल्बेर्तो अशेरियो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक कोटीहून अधिक अमेरिकी सैनिकांच्या नोंदी व सैन्याने जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले. पुढे एम.एस. झालेल्या ८०१ जणांचे आजारापूर्वीचे रक्त उपलब्ध होते. त्यांपैकी एक सोडून सर्वांना आजारापूर्वी एपस्टाइन-बार या विषाणूचा संसर्ग होऊन गेलेला होता. ज्यांना तो संसर्ग नव्याने झाला, त्यांच्यात एम.एस.चा धोका ३२ पटींनी वाढलेला आढळला. तशाच रीतीने पसरणाऱ्या सायटोमेगॅलो नावाच्या दुसऱ्या विषाणूने मात्र धोका वाढला नव्हता. म्हणजे कुठलाही संसर्ग नव्हे, हाच संसर्ग.

त्याच महिन्यात स्टॅनफर्ड विद्यापीठातील विल्यम रॉबिन्सन यांच्या गटाने यामागची एक वाट दाखविली. या विषाणूतील एका प्रथिनाचा तुकडा मज्जासंस्थेतील ग्लायलकॅम नावाच्या प्रथिनाच्या तुकड्याशी मिळताजुळता आहे. विषाणूविरुद्ध तयार झालेली काही प्रतिपिंडे घरच्या प्रथिनालाही चिकटतात. चोराशी चेहरा जुळतो म्हणून पहारेकऱ्याने घरच्याच माणसावर काठी उगारावी, तसे हे. अर्थात हा प्रकार सर्व रुग्णांत नव्हे, काहींतच आढळतो.

इथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. हा विषाणू जगातील ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात असतो, पण एम.एस. फारच थोड्यांना होतो. मग विषाणू हे कारण कसे? उत्तर असे की तो आवश्यक असावा, पण पुरेसा नाही. विशिष्ट आनुवंशिक घडण, ड जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान, किशोरवयातील स्थूलपणा अशा आणखी गोष्टी जुळून याव्या लागतात. तथागतांनी शिकविलेला प्रतीत्यसमुत्पाद आपण वंदनेच्या वेळी ऐकतो. कोणतीही गोष्ट एकाच कारणाने, आपोआप किंवा कोणाच्या कोपाने घडत नाही; कारणे व परिस्थिती जुळल्या की ती घडते आणि त्या हटविल्या की ती थांबविता येते. विज्ञानाने बुद्धाला सिद्ध केले असा दावा आम्हाला करायचा नाही. परंतु कारणे शोधण्याची ही सवय ज्या समाजाला वारशाने मिळाली आहे, त्याने तरी ‘बाहेरचे’ हा शब्द उच्चारू नये.

राखेखालचा निखारा

एम.एस.चे दोन चेहरे आहेत. पहिला झटक्यांचा : लक्षणे उसळतात, काही आठवड्यांनी ओसरतात, पुन्हा येतात. दुसरा संथ वाढीचा : झटका दिसत नाही, पण काठी येते, मग वॉकर, मग व्हीलचेअर. पूर्वी वाटे की आधी पहिला आणि नंतर दुसरा टप्पा येतो. आता कळते की दोन्ही गोष्टी पुष्कळदा पहिल्या दिवसापासून बरोबर चालतात.

झटका हा बाहेरून आत शिरलेल्या पेशींचा हल्ला. संथ वाढीमागे मात्र मेंदूतच राहणाऱ्या पेशी असतात. त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. स्पेनचे शास्त्रज्ञ रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांची ओळख पटविली. त्या मेंदूतील सफाई कामगार होत. मेलेल्या पेशी, कचरा उचलणे हे त्यांचे काम आणि ते झाले तर दुरुस्तीलाही वाव मिळतो. पण काही जुन्या चट्ट्यांच्या कडेला या पेशी वर्षानुवर्षे चेतलेल्याच राहतात. त्यांच्यात लोह साठते, त्यामुळे विशेष प्रकारच्या एम.आर.आय. चित्रात चट्ट्याभोवती काळी कडा दिसते. वरून राख, आत निखारा. असे चट्टे ज्यांच्या मेंदूत अधिक, त्यांचे अपंगत्व अधिक वेगाने वाढते असे दिसून आले आहे.

औषधांची वाटचाल

१९९३ मध्ये अमेरिकेत बीटा इंटरफेरॉनला मान्यता मिळाली, तोपर्यंत आजाराची वाटचाल बदलणारे औषधच नव्हते. झटका आला की स्टेरॉइड द्यायचे, एवढेच हाती होते. २०१० मध्ये पहिली गोळी आली. २०१७ मध्ये ओक्रेलिझुमॅब आले. ते ‘बी’ नावाच्या पांढऱ्या पेशी काढून टाकते आणि विषाणू याच पेशींत दडून बसतो, हे विशेष. सुरुवातीपासून संथ वाढणाऱ्या प्रकारात थोडाफार गुण देणारे ते पहिले मान्यताप्राप्त औषध.

ही औषधे झटके चांगले रोखतात, पण त्यांपैकी ओक्रेलिझुमॅबसारख्या औषधांचे मोठे रेणू मेंदूत फारसे शिरत नाहीत. निखारा तसाच राहतो. म्हणून आता मेंदूत शिरणाऱ्या व मायक्रोग्लियाला शांत करणाऱ्या गोळ्यांवर प्रयोग चालले आहेत. त्यांपैकी टोलेब्रुटिनिबचा प्रयोग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. झटके थांबूनही अपंगत्व वाढत असलेल्या रुग्णांपैकी, गोळी घेणाऱ्यांत २२.६ टक्क्यांचे आणि नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ३०.७ टक्क्यांचे अपंगत्व ठळकपणे वाढले. फरक खरा आहे, पण काही रुग्णांच्या यकृताला गंभीर इजाही झाली. आशा आणि सावधगिरी दोन्ही हव्यात, त्या अशा.

आजार समूळ बरा करणारे औषध आजही नाही. पण लवकर सुरू केलेले औषध पुढील वर्षे वाचविते, कारण मायेलिन काही प्रमाणात पुन्हा येते, तुटलेला तंतू मात्र परत जुळत नाही. त्या मुलीची अडीच वर्षे आम्ही मोलाची म्हटली ती यासाठी.

आपल्याकडे काय करता येईल?

एका डोळ्याचे दुखरे अंधुकपण, किंवा २४ तासांहून अधिक टिकणारा बधिरपणा, लुळेपणा, तोल जाणे असे झाले तर ते ओसरले तरी मज्जाविकार तज्ज्ञांना दाखवावे. एम.आर.आय. आणि मणक्यातील पाण्याची तपासणी यांवरून निदान होते. मुंग्या आल्या म्हणजे एम.एस. असे समजून घाबरू नये. आपल्याकडे ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, मधुमेह, मणक्याचा क्षय ही कारणेही असतात. एन.एम.ओ. नावाचा एक मिळताजुळता आजार आहे. २००४ मध्ये त्याची ओळख पटविणारे प्रतिपिंड सापडले. ती तपासणी महत्त्वाची, कारण एम.एस.ची काही औषधे त्या आजारात अपाय करतात.

खर्च हा मोठा प्रश्न आहे. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत एम.एस.साठी तीन औषधे घेतली. त्यांतील रितुक्सिमॅब हे मूळचे कर्करोगावरील औषध भारतातही तयार होते व तुलनेने स्वस्त पडते. डॉक्टरांना त्याविषयी जरूर विचारावे. ‘हमखास बरे करतो’ अशा जाहिरातींवर मात्र जमीन-दागिने गहाण टाकू नयेत.

उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यातील रुग्णांना त्रास वाढल्यासारखा वाटतो. अंगातील उष्णता वाढली की खराब झालेल्या तंतूंतून संदेश आणखी अडतो. हा नवा घाव नसतो. गारव्यात बसल्यावर, ओले फडके घेतल्यावर तो कमी होतो. लग्ना-कार्यात, मिरवणुकीत अशा माणसाला सावलीत खुर्ची द्यावी, “आळशी” म्हणू नये. या आजारातील थकवा दिसत नाही, पण खरा असतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एम.एस.चा नावानिशी समावेश आहे. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतील ५ टक्के राखीव जागांचा लाभ घेता येतो. आणि भुताखेताचे नाव सांगून रुग्णाला फसविणाऱ्यांसाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

आजारी भिक्खू एकटा पडलेला पाहून भगवंतांनी आनंदाच्या साहाय्याने त्याला स्वतः धुतले-पुसले व शेजारच्या भिक्खूंना त्यांच्या बेपर्वाईबद्दल विचारले, ही विनयातील कथा आपल्याला माहीत आहे. त्यांनी आधी त्या भिक्खूची विचारपूस केली, त्याला काय होते ते जाणून घेतले. आपणही तेच करावे. ती मुलगी आता उपचार घेत आहे, काठी घेऊन चालते आणि मंडळाच्या अभ्यासिकेत रविवारी मुलांना गणित शिकविते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी तिच्याकडून गणित शिकावे आणि तिच्या आजाराचे उरलेले गणित सोडविण्याची जिद्द धरावी, अशी आमची इच्छा आहे.