चूल आतून का खचते?

फार्महाउसवर, गच्चीत, परसात हल्ली 'रॉकेट चूल' हमखास दिसते. तेलाचा रिकामा डबा, त्यात काटकोनात बसवलेला पाइप आणि दोघांमधली पोकळी कशाने तरी भरलेली. नवी असताना ही चूल मूठभर काटक्यांवर पातेलंभर पाणी उकळवते, धूरही नावापुरताच. पुढे काही महिन्यांत तिची भूक वाढते आणि डबा बाहेरून पोळायला लागतो. मालक म्हणतो, जळण ओलं आहे. बहुतेक वेळा जळणाचा काही दोष नसतो, बिघडलेलं असतं ते पोकळीतलं 'कशाने तरी'.

लॅरी विनियार्स्की यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या ॲप्रोव्हेचो संस्थेत या चुलीची रचना केली. जाड मातीची चूल भांडं तापवण्याआधी स्वतः उष्णता पिऊन बसते. म्हणून विस्तवाभोवती हलकं, सच्छिद्र काहीतरी हवं, हा त्यांचा आग्रह. गोधडीतली ऊब जशी आत अडकलेल्या हवेमुळे असते, तसंच इथेही. उष्णता अडवतात ती राखेतली किंवा तशाच हलक्या भरणातली छिद्रं, त्यांत कोंडलेली हवा. पण मेख अशी की हे अस्तर जितकं चांगलं, तितका आतला जाळ कडक. चांगल्या बांधलेल्या चुलीत ज्वाळा हजार अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. म्हणजे चूल उत्तम चालली की ती आधी स्वतःच्याच अस्तरावर उठते.

हौशी मंडळींची आवडती कृती म्हणजे नर्सरीतलं परलाइट आणि सिमेंट. स्वस्त आणि सोपी, पण मला विचाराल तर हीच सगळ्यात फसवी. परलाइट ही ज्वालामुखीची फुगवलेली काच आहे. साधारण ८७० अंशांपुढे ती मऊ पडू लागते, छिद्रं मिटतात, दाणे आक्रसून एकमेकांना चिकटतात. सिमेंट त्याच्याही आधी हार मानतं. त्यातल्या चुनखडीजन्य घटकातलं पाणी ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान निघून जातं आणि मागे कळीचा चुना राहतो. उन्हाळाभर काही कळत नाही. मग उघड्यावरच्या चुलीवर पावसाळी हवा लागते, तो चुना पाणी पितो, फुगतो आणि आषाढात अस्तर हाताने खरवडलं तरी पडतं. मुंबई-कोकणच्या हवेत हा खेळ आणखी लवकर संपतो.

दुसरा शत्रू जळणातूनच येतो. लाकडाच्या राखेत पोटॅश असतं. तापलेल्या मातीतल्या किंवा विटेतल्या सिलिकाला ते भिडलं की दोघांचं मिश्रण हजार अंशांच्या खालीही वितळू लागतं. लाकडाच्या राखेपासून झिलई बनवणारे पूर्व आशियातले कुंभार याच रसायनावर जगत आले. चुलीत मात्र ही झिलई नुकसानीची खूण. वर्षभर वापरलेल्या चुलीच्या तोंडातून बॅटरी मारून बघा. पाइपच्या वळणावर, जिथे ज्वाळा आदळते, तिथे हिरवट-तपकिरी चकाकी आणि तिच्या कडेने बारीक तडे दिसतील. चकाकलेल्या थराची छिद्रं बुजलेली असतात, म्हणून तिथून उष्णता सरळ बाहेर पळते. कोकणात नारळाची सोडणं जाळतात, तिथे हे विशेष जाणवेल. त्यांच्या राखेत पोटॅश भरपूर असतं आणि सोबत क्लोरीनही. ते लोखंडाला खातं.

लोखंडाचं म्हणाल, तर साध्या पोलादाच्या पाइपला साडेपाचशे अंशांपुढे खवले धरतात आणि ते गळत राहतात. पाइप फुटला की मागची सुटी राख विस्तवात ओतली जाते, पोकळी रिकामी होते. अनेकांना वाटतं अस्तर 'जळालं'. खरं तर ते गळून गेलेलं असतं. गॅल्व्हनाइझ्ड पत्रा तर आत वापरूच नये. त्याचं जस्त ४२० अंशांला वितळतं आणि त्याच्या धुराने अंगात ताप भरतो.

ग्लासवूल आणि पीओपी यांच्यावर फार शब्द खर्चायला नकोत. पहिल्याचा चिकट बंध दोन-अडीचशे अंशांतच जळतो, दुसऱ्यातलं पाणी त्याआधीच उडतं आणि मागे भुकटी उरते. सिरॅमिक ब्लँकेट १२६० अंशांचं म्हणून विकतात आणि ते टिकतंही. पण हजार अंशांच्या वर दीर्घकाळ राहिलं की त्याचे तंतू स्फटिकरूप धरतात, ठिसूळ होतात आणि त्यांची धूळ फुप्फुसाला घातक ठरते. ज्वाळेसमोर ते उघडं ठेवण्यात शहाणपण नाही.

मग भरायचं काय? कामं वाटून द्यावीत. ज्वाळेला तोंड द्यायला आत पातळ फायर ब्रिक किंवा नीट भाजलेल्या मातीची फरशी, आणि तिच्या मागे सुटं, हलकं भरण. भरणाला आपल्याकडे तुसाच्या राखेइतकं चांगलं काही नाही. तिच्यात ८५ ते ९५ टक्के सिलिका असते, पोटॅश थोडं. पोलाद कारखान्यांत वितळलेल्या धातूवर ती उष्णता राखायला पसरतात. भंडारा-गोंदियाच्या भातगिरण्यांजवळ ती मिळवणं कठीण नाही. फरशीला मात्र सिमेंटने जखडू नका, तापल्यावर फुगायला जागा द्या. डब्याच्या माथ्यावर झाकण ठेवा, म्हणजे राख खाली बसली की वरून भरता येईल. नवी चूल पहिले दोन दिवस मंद जाळावरच वाळवा. नाहीतर आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन अस्तराचे तुकडे उडतात.

आणि जुनी चूल फोडताना आधी पाणी मारून सगळं ओलं करा, नाकाला मास्क बांधा. तुसाच्या राखेची धूळही श्वासात जाता कामा नये. चुलीला दार असेल आणि त्याच्या फटीला जुन्या बॉयलरची पांढरी दोरी गुंडाळलेली असेल, तर ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. ती कोरडी ओढू नका, कापू नका.