नागपूरच्या विमानतळावरून उमराहला निघताना : यवतमाळच्या कुटुंबांनी आधीच समजून घ्यायच्या गोष्टी

घरातल्या अम्मी-अब्बूंचा उमराहचा व्हिसा आला की सगळ्या मोहल्ल्यात आनंद असतो. दावती होतात, दुआची दरख्वास्त होते, बॅगा भरल्या जातात. पण ज्यांनी आयुष्यात कधी विमान पाहिले नाही, त्यांना विमानतळावर नेमके काय होते हे सांगायला कोणी बसत नाही. मग ऐन रात्री धावपळ होते. ती टाळण्यासाठी ही माहिती.

यवतमाळला धावपट्टी आहे, पण तिथून नियमित प्रवासी विमाने नाहीत. त्यामुळे आपल्या जिल्ह्यासाठी जवळचा आंतरराष्ट्रीय विमानतळ म्हणजे नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळ. हा मुंबईसारखा अवाढव्य नाही. देशातली आणि परदेशी, दोन्ही विमाने एकाच इमारतीतून सुटतात. त्यामुळे इथे हरवण्याची भीती कमी, पण गर्दीचा त्रास जास्त. परदेशी विमाने मोजकी, काउंटर मोजके, आणि एका विमानाचे सगळे प्रवासी एकाच वेळी येतात. रांगेत जो आधी लागला तो निवांत.

तारखेचा घोळ

आखाताकडची विमाने बहुधा रात्री उशिरा किंवा पहाटे सुटतात. घोटाळा इथेच होतो. समजा तिकिटावर 10 तारीख आणि पहाटे 4 ची वेळ आहे. म्हणजे तुम्हाला घरून 9 तारखेच्या रात्री निघायचे आहे. 10 तारखेच्या रात्री निघालात तर विमान कधीच गेलेले असेल.

हिशेब असा करा. परदेशी विमानासाठी तीन तास आधी पोहोचायचे, म्हणजे रात्री 1 वाजता. यवतमाळ ते नागपूर साधारण 150 किलोमीटर, तीन तासांचा रस्ता. वाटेत टायर पंक्चर, जेवण, नमाज यासाठी एक तास हातात ठेवा. म्हणजे रात्री 9 ला, इशा पढून गाडी निघालीच पाहिजे. पुसद, उमरखेडच्या लोकांनी आणखी दोन-तीन तास धरा. विमान सुटण्याच्या साधारण एक तास आधी काउंटर बंद होतो. त्यानंतर कितीही विनवणी केली तरी उपयोग नाही.

कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी या मार्गाने येत असाल तर विमानतळ नागपूर शहराच्या आधीच, वर्धा रोडला लागून आहे. शहरात शिरायची गरज नाही. वर्धा रोडवर मेट्रोचे विमानतळ स्टेशन आहे, पण ते टर्मिनलच्या दारात नाही. म्हाताऱ्या माणसांना आणि सामानाला घेऊन येताना थेट गाडीनेच या.

आत गेल्यावर पाच टप्पे

1. दरवाजा. इथे जवान पासपोर्ट आणि तिकीट बघतो. ज्याच्या हातात तिकीट, तोच आत. सोडायला आलेल्यांचा निरोप बाहेरच. म्हणून हार-फुले, गळाभेट, रडणे सगळे घरी उरकून या. दोन जीप भरून माणसे आणली की दारासमोरचा रस्ताच अडतो.

2. एअरलाइनचा काउंटर. इथे मोठी बॅग जमा होते आणि बोर्डिंग पास मिळतो. मध्ये विमान बदलायचे असेल तर दोन्ही विमानांचे पास इथेच मिळतात का, आणि सामान थेट जेद्दाहपर्यंत जाणार का, हे दोन प्रश्न जरूर विचारा. बॅगेची चिठ्ठी जपून ठेवा. सामान हरवले तर तोच पुरावा.

3. इमिग्रेशन. पासपोर्ट, व्हिसा बघून शिक्का मारतात. कुठे चाललात, किती दिवसांसाठी, कोणासोबत, असे साधे प्रश्न असतात. घाबरू नका, खरे ते सांगा. भारतीयांना बाहेर जाताना भरावे लागणारे कार्ड 2017 मध्येच बंद झाले आहे. ते भरून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

4. सुरक्षा तपासणी. मोबाइल, पट्टा, पाकीट ट्रेमध्ये. बायकांची तपासणी पडद्याआड महिला कर्मचारीच करतात.

5. गेट. पासवर गेटचा नंबर असतो, पण तो बदलू शकतो. पडद्यावर लक्ष ठेवा आणि झोपू नका.

ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी व्हीलचेअर मोफत मिळते, पण ती तिकीट काढतानाच एजंटला सांगून नोंदवा.

एहराम कुठे ठेवाल?

ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. एहराम मोठ्या सुटकेसमध्ये ठेवला तर ती सुटकेस नागपूरलाच जमा होते आणि थेट जेद्दाहला हातात येते. विमान तर त्याआधीच मीकात ओलांडते. बिना एहराम मीकात ओलांडली आणि परत जाऊन एहराम बांधला नाही, तर दम लाजिम होतो. म्हणून एहराम नेहमी हातातल्या बॅगेत. चादरी घरून बांधून निघा किंवा मध्ये विमान बदलता तिथे बांधा, आणि नियत मीकातच्या आधी करा. आधी मदिना शरीफला जाणाऱ्यांना इथून एहरामची गरज नाही, ते मदिनेहून मक्केला निघताना बांधतात. बाकी मसले आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्या.

काय नेऊ नका

हातातल्या बॅगेत 100 मिलिलिटरपेक्षा मोठी पाण्याची, तेलाची, अत्तराची बाटली चालत नाही. लोणचेही मोठ्या बॅगेत टाका. पॉवर बँक मात्र उलट, हातातल्या बॅगेतच. सुके खोबरे मोठ्या बॅगेत चालत नाही.

मसाल्यातली खसखस अजिबात नको. आपल्याकडे ती स्वयंपाकघरात असते, पण सौदी आणि अमिरातीत तिला अमली पदार्थ मानतात आणि तुरुंगवास होऊ शकतो. खर्रा आणि गुटखाही घरीच सोडा. कोणी "हे पाकीट माझ्या भावाला द्या" म्हणत असेल तर उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका. बॅग तुमची, तर जबाबदारीही तुमचीच.

परत येताना जमजम सुटकेसमध्ये भरू नका. विमानतळावर मिळणारा पाच लिटरचा सीलबंद डबाच चालतो.

कागद आणि कामाला जाणारी मुले

पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. पासपोर्ट, तिकीट आणि व्हिसावरचे नाव अक्षरश: सारखे हवे. आपल्याकडे एकीकडे 'शेख', दुसरीकडे 'शे.', एकीकडे 'बी' तर दुसरीकडे 'बेगम' असते. हे तिकीट काढतानाच तपासा. उमराहसाठी मेंदूज्वराची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या, दाखला सोबत ठेवा.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर बहुधा ईसीआर असते. उमराहला त्याची अडचण नाही, परतीचे तिकीट आणि व्हिसा दाखवला की पुरते. पण सौदी, कतार, अमिरातीत नोकरीला जाणाऱ्या ईसीआर तरुणाला सरकारची वेगळी परवानगी लागते. ती टाळण्यासाठी "व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर काम लावून देतो" असे एजंट सांगतो. अशा मुलाला इमिग्रेशनवर अडवले तर एक तिकीट बुडते. पण तो तिथे पोहोचला तर त्याच्या बाजूने कोणताच कागद नसतो, पगार बुडाला तरी तक्रार करायला तोंड नसते. घरातल्या मोठ्यांनी हा फरक मुलाला निघण्याआधीच समजावून सांगावा.

मुंबईमार्गे जाणाऱ्यांसाठी

नागपूरहून मुंबई आणि तिथून जेद्दाह असे तिकीट असेल तर दोन्ही तिकिटांवरचे टर्मिनल बघा. देशातले विमान टर्मिनल 1 वर उतरले आणि पुढचे टर्मिनल 2 वरून असेल तर मधले काही किलोमीटर रस्त्याने जावे लागते. तिकिटे वेगवेगळी काढली असतील तर सामान स्वतः उचलून पुन्हा जमा करावे लागते. मध्ये किमान पाच-सहा तास ठेवा.

शेवटी एक छोटे काम. निघण्याच्या आदल्या दिवशी घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीने अम्मी-अब्बूंना शेजारी बसवून हे पाच टप्पे एकदा तोंडपाठ करून घ्यावेत आणि सगळ्या कागदांची एक-एक झेरॉक्स त्यांच्या हातातल्या बॅगेत ठेवावी. पुढचा सफर अल्लाह आसान करो. आमीन.