तोंडात तीन बोटे जातात का?

चाकण, भोसरी, तळवडे येथील कारखान्यांत रात्रपाळी करणारे तरुण दवाखान्यात येऊन सांगतात, "डॉक्टर, तिखट खाल्ले की तोंडाची आग होते. उष्णतेची गोळी द्या." अशा वेळी मी प्रथम तोंड उघडायला सांगतो. पंचविशीतल्या तरुणाच्या तोंडात दोन बोटेही शिरत नाहीत, तेव्हा दुखणे बहुधा उष्णतेचे नसते, सुपारीचे असते.

या विकारास 'ओरल सबम्युकस फायब्रोसिस' म्हणतात. डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली भारतातील अशा रुग्णांचे वर्णन केले. सुपारीतील अरेकोलीन या द्रव्यामुळे गालाच्या आतल्या मऊ अस्तराखाली चिवट तंतू वाढू लागतात. गाल पांढुरके व ताठ होतात. जबड्याचे हाड आणि सांधा धड असूनही तोंड उघडत नाही. पुढे जीभ बाहेर काढणे व शिटी वाजवणेही कठीण होते.

"मी तंबाखू खात नाही, नुसता पानमसाला खातो," असे पुष्कळजण सांगतात. हे समाधान खोटे आहे. नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली जाहीर केले. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली. पण सवय कायद्याने सुटत नाही.

घरच्या घरी एक परीक्षा करा. स्वतःची मधली तीन बोटे एकावर एक धरून वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये उभी घालून पाहा. ती जात नसतील, किंवा तोंडात पांढरा-लाल चट्टा अथवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर तपासणी लांबवू नका. पिंपरीत संत तुकारामनगर येथे दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. तेथे जबडा व चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ भेटतात.

पुडी आजच बंद करणे हा पहिला उपचार होय. त्याबरोबर तोंड उघडण्याचे व्यायाम व गालात इंजेक्शने देतात. आजार वाढल्यास शस्त्रक्रियेने तंतू कापावे लागतात; नंतर कित्येक महिने व्यायाम न केल्यास तोंड पुन्हा आखडते. एकदा ताठरलेला गाल पूर्वीसारखा मऊ होत नाही. मात्र पुडी लवकर सोडली तर आजाराची वाढ बहुतेक वेळा थांबते आणि कर्करोगाचा धोकाही कमी होतो.

बंद तोंडात दाढेवर उपचार करता येत नाहीत. अपघातात श्वासनळीत नळी घालणे अवघड होते. कर्करोगाची गाठ वेळेवर दिसत नाही. म्हणून रात्रपाळीत जागे राहण्यासाठी खिशात पुडीऐवजी फुटाणे ठेवा.