मातीचे मणी

मातीचे मणी म्हणजे मऊ, आकार घेऊ शकणाऱ्या मातीचे गोळे करून, त्यांना वेज (आरपार छिद्र) पाडून आणि उष्णतेने कायमचे कठीण करून तयार केलेले, दोऱ्यात ओवण्याजोगे मणी होत. भाजलेल्या नैसर्गिक मातीच्या मण्यांना पक्वमृदेचे किंवा टेराकोटाचे मणी म्हणतात. महाराष्ट्रात नाशिक, नेवासे, इनामगाव, तेर अशा अनेक ठिकाणच्या उत्खननांतून प्राचीन मणी उपलब्ध झाले आहेत. विसाव्या शतकात पॉलिमर क्ले हा कृत्रिम पदार्थ प्रचारात आला व घरगुती दागिन्यांसाठी तोही वापरला जाऊ लागला. मळणे, वळणे, वेज पाडणे आणि भाजणे हा कामाचा क्रम दोन्ही पदार्थांत जवळजवळ सारखाच आहे. मात्र उष्णतेने त्यांच्यात घडणारा बदल पूर्णपणे भिन्न असल्यामुळे एकाची भाजण्याची रीत दुसऱ्याला लावता येत नाही.

## संज्ञा

मण्यातील आरपार छिद्रास मराठीत 'वेज' म्हणतात. मणी दोऱ्यात घालण्याच्या क्रियेस 'ओवणे', ओवलेल्या मण्यांच्या एका ओळीस 'सर' आणि सराच्या मध्यभागी लोंबणाऱ्या मोठ्या घटकास 'पदक' किंवा 'लोलक' अशी नावे आहेत. दागिने रेशमी अथवा सुती धाग्यात गुंफून देणाऱ्या कारागिरास पटवेकरी म्हणतात. कुंभाराच्या भट्टीस आवा असा शब्द आहे.

पॉलिमर क्ले या नावातील 'क्ले' म्हणजे माती हा शब्द केवळ साम्यदर्शक आहे. या पदार्थात नैसर्गिक माती हा मुख्य घटक नसतो. तो पॉलिव्हिनाइल क्लोराइड (पीव्हीसी) या प्लॅस्टिकवर आधारित असतो.

## महाराष्ट्रातील इतिहास

### नाशिक आणि जोर्वे

नाशिक शहरात गोदावरीच्या काठी असलेल्या मातीची गढी या टेकाडावर १९५०-५१ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने उत्खनन झाले. त्याच मोहिमेत संगमनेर तालुक्यातील प्रवरा नदीकाठच्या जोर्वे या गावीही उत्खनन करण्यात आले. ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी लिहिलेला या दोन्ही स्थळांचा अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. नाशिकच्या टेकाडात ताम्रपाषाणयुगापासून मराठा काळापर्यंतच्या वस्तीचे थर आढळले. जोर्वे येथे प्रथम ओळखल्या गेलेल्या, लाल पृष्ठभागावर काळ्या रंगाने नक्षी काढलेल्या मृद्भांड्यांवरून 'जोर्वे संस्कृती' हे नाव रूढ झाले.

जोर्वे भांड्यांची माती बारीक गाळलेली असून ती उत्तम भाजलेली असतात. वाजवल्यास त्यांतून धातूसारखा आवाज येतो. माती निवडण्याचे, गाळण्याचे आणि आच सांभाळण्याचे हेच ज्ञान मातीच्या मण्यांसाठीही लागते. घोड नदीकाठच्या इनामगाव (जि. पुणे) येथे १९६८ ते १९८३ या काळात विस्तृत उत्खनन झाले. सुमारे इ. स. पू. १६०० ते ७०० या कालखंडातील या वसाहतीत कुंभाराची वर्तुळाकार भट्टीही सापडली.

### प्राचीन ऐतिहासिक काळ

सातवाहन काळाच्या सुमारास नाशिकजवळचे गोवर्धन हे व्यवसायांच्या संघटित श्रेणींचे केंद्र होते. पांडवलेण्यांतील आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळातील शिलालेखात आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी श्रेणींकडे ठेवलेल्या कायम ठेवींची नोंद आहे. त्यांतील 'कुलरिक' श्रेणीचा अर्थ सामान्यतः कुंभारांची श्रेणी असा लावला जातो. म्हणजेच मातीकाम करणाऱ्यांची संघटना त्या काळी धर्मादाय निधी सांभाळण्याइतकी विश्वासार्ह मानली जात होती.

भारतातील प्राचीन ऐतिहासिक स्थळांवर सुपारीच्या आणि लहान घटाच्या आकाराचे पक्वमृदेचे मणी वारंवार आढळतात. तेर (जि. धाराशिव) हे प्राचीन तगर नगर मण्यांसाठी आणि मृण्मय मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे, तेथील अनेक वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या शासकीय वस्तुसंग्रहालयात ठेवल्या आहेत. भारतीय मण्यांच्या शास्त्रीय अभ्यासात मो. गं. दीक्षित यांचे कार्य महत्त्वाचे असून कोरीव नक्षीच्या मण्यांवरील त्यांचा ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९४९ मध्ये प्रसिद्ध केला.

## नैसर्गिक मातीचे मणी

### माती

दख्खनच्या पठारावरील काळी माती ओली झाल्यावर फुगते आणि वाळताना मोठ्या प्रमाणात आकसते. त्यामुळे केवळ काळ्या मातीच्या वस्तूंना तडे जातात. नदीकाठचा किंवा तळ्यातील पोयटा घेऊन त्यात बारीक वाळू, राख किंवा लीद मिसळण्याची कुंभारांची रीत या दोषावरचा उपाय आहे. वाळूमुळे आकसणे कमी होते, तर लीद जळून गेल्यावर राहिलेल्या सूक्ष्म पोकळ्यांतून वाफ बाहेर पडते. मण्यांसाठी माती पाण्यात कालवून फडक्यातून गाळतात, तळाशी बसलेला बारीक गाळ घट्ट होऊ देतात आणि मग तो मळतात. मळण्याचा मुख्य हेतू आतील हवा काढून ओलावा सर्वत्र सारखा करणे हा असतो.

### वळणे आणि वेज पाडणे

सारख्या आकाराचे मणी हवे असल्यास मातीची सारख्या जाडीची वळी करून तिचे सारखे तुकडे पाडतात व प्रत्येक तुकडा तळहातावर गोल वळतात. माती किंचित कडक झाल्यावर, परंतु पूर्ण वाळण्यापूर्वी, वेज पाडणे सोयीचे असते. फार ओल्या मण्यात वेज पाडल्यास मणी चपटा होतो. वाळलेल्या मण्यात पाडल्यास तो दुभंगतो. काडी किंवा तार एका बाजूने फिरवत मध्यापर्यंत घालून नंतर दुसऱ्या बाजूने तेच करावे लागते, अन्यथा बाहेर पडण्याच्या टोकाशी माती फाटते. वाळताना आणि भाजताना मातीबरोबर वेजही आकसते, म्हणून ते दोऱ्याच्या जाडीपेक्षा मोठे ठेवतात. वेजाच्या कडा गुळगुळीत केल्या नाहीत, तर त्या दोरा कापतात.

नक्षी ओल्या मण्यावर काडीने रेषा कोरून, ठसे उमटवून किंवा बारीक मातीच्या पातळ काल्याचा लेप देऊन करतात. अर्धवट वाळलेला मणी गुळगुळीत दगडाने अथवा बीने घासल्यास पृष्ठभागावरील कण दाबले जाऊन चकाकी येते.

### वाळवणे आणि भाजणे

मणी प्रथम सावलीत वाळवतात. आत ओलावा राहिलेला मणी एकदम तापल्यास पाण्याची वाफ होऊन तो फुटतो. म्हणून आच प्रारंभी मंद ठेवतात. केवळ उन्हात वाळलेला मणी पाण्यात पुन्हा विरघळतो. सुमारे ४५० ते ६०० अंश सेल्सिअस तापमानाच्या दरम्यान मातीच्या खनिजांच्या रचनेत बांधलेले पाणीही निघून जाते. त्यानंतर तिची पुन्हा ओली माती होऊ शकत नाही. गोवऱ्या, भुसा किंवा लाकूड यांच्या उघड्या भट्टीत साधारणतः ६०० ते ८०० अंशांपर्यंत तापमान मिळू शकते.

भट्टीत हवा खेळती असल्यास मातीतील लोहाचे ऑक्साइड होऊन मणी तांबडा होतो. भट्टी झाकून धूर कोंडल्यास तो करडा किंवा काळा होतो. त्यामुळे एकाच मातीपासून रंग न वापरता दोन रंगांचे मणी मिळतात. तुटलेल्या मण्याचा गाभा काळा आणि बाहेरचा भाग तांबडा दिसल्यास आतील सेंद्रिय द्रव्य पूर्ण जळले नव्हते, असे समजते.

## पॉलिमर क्लेचे मणी

### उगम आणि स्वरूप

पॉलिमर क्लेचा प्रसार विसाव्या शतकात युरोप व अमेरिकेत झाला. जर्मनीतील बाहुल्या घडवणाऱ्या केटे क्रूझे यांच्या कुटुंबात विकसित झालेला असा एक पदार्थ 'फिफी मोझाइक' या नावाने विकला जात असे. १९६४ मध्ये तो एबरहार्ड फाबर या कंपनीकडे गेला आणि पुढे 'फिमो' या नावाने प्रसिद्ध झाला.

पीव्हीसीचे सूक्ष्म कण, त्यांना मऊ ठेवणारे प्लास्टिसायझर, भरण द्रव्ये आणि रंग हे याचे घटक होत. यात पाणी नसल्यामुळे हा पदार्थ हवेत वाळत नाही. उष्णता मिळाल्यावर पीव्हीसीचे कण प्लास्टिसायझर शोषून फुगतात आणि एकमेकांत मिसळून एकसंध होतात.

### कृती

१. पदार्थ हाताच्या उबेने मऊ होईपर्यंत मळतात. फिकट रंग आधी व गडद रंग नंतर हाताळल्यास रंग मळत नाहीत.

२. वळीचे सारखे तुकडे करून मणी वळतात. वेगवेगळ्या रंगांचे पापुद्रे एकत्र गुंडाळून अळुवडीच्या उंड्याप्रमाणे आडव्या चकत्या कापल्यास प्रत्येक चकतीवर तीच नक्षी मिळते. ही युक्ती व्हेनिसच्या काचकामातील मिलेफियोरी तंत्राशी मिळतीजुळती आहे.

३. मणी थोडा वेळ थंड होऊ देऊन दोन्ही बाजूंनी वेज पाडतात.

४. मणी तारेत ओवून तार भांड्याच्या दोन कडांवर टेकवतात, किंवा घड्या घातलेल्या कागदाच्या खाचेत ठेवतात. त्यामुळे मण्याची एक बाजू चपटी होत नाही.

५. वेष्टनावर दिलेल्या तापमानाला भाजतात. बहुतेक प्रकारांसाठी ते ११० ते १३० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. लागणारा वेळ जाडीवर अवलंबून असतो.

६. मणी थंड झाल्यावर बारीक पॉलिश कागदाने ओले घासून गुळगुळीत करतात.

कमी भाजलेला मणी बाहेरून पक्का दिसतो, परंतु वापरात ठिसूळ ठरतो. वेळ थोडा वाढल्याने सहसा नुकसान होत नाही. तापमान वाढल्याने मात्र होते.

### सुरक्षितता

पॉलिमर क्ले जास्त तापल्यास करपतो आणि पीव्हीसीच्या विघटनातून हायड्रोजन क्लोराइड हा डोळ्यांना व श्वसनमार्गाला दाहक वायू बाहेर पडतो. म्हणून तो कुंभाराच्या आव्यात, तव्यावर, गॅसच्या ज्योतीवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये भाजू नये. तापमान नियंत्रित करता येणारी विजेची भट्टी (ओव्हन) आणि तिच्या आत ठेवलेला स्वतंत्र तापमापक यांचा उपयोग करावा, कारण भट्टीच्या बटणावरील आकडा आणि आतील तापमान यांत फरक असू शकतो. करपल्याचा वास आल्यास भट्टी बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि खोलीबाहेर जावे.

पूर्वी प्लास्टिसायझर म्हणून थॅलेट वर्गातील रसायने वापरली जात. त्यांच्या आरोग्यावरील परिणामांविषयीच्या चिंतेमुळे अनेक उत्पादकांनी त्यांचा वापर सोडला. वेष्टनावर तसा उल्लेख पाहून खरेदी करणे इष्ट ठरते. या कामासाठी वापरलेली लाटणी, सुऱ्या व भांडी पुन्हा स्वयंपाकासाठी वापरू नयेत. कोणतेही सुटे मणी लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. ते घशात अडकण्याचा धोका असतो.

## वापरण्यायोग्यता

गळ्यातील दागिन्यात वजनाचा विचार महत्त्वाचा असतो. गोल मण्याचा व्यास दुप्पट केला की त्याचे घनफळ, आणि म्हणून वजन, आठपट होते. १० मिलिमीटर व्यासाचा भरीव मणी सुमारे १ ग्रॅम भरतो. २० मिलिमीटरचा सुमारे ८ ग्रॅम. ४५ सेंटिमीटरच्या सरासाठी लहान मणी ४५ लागतात, मोठे २२ पुरतात. तरीही लहान मण्यांचा सर सुमारे ४५ ग्रॅमचा आणि मोठ्या मण्यांचा जवळजवळ १८० ग्रॅमचा होतो. यामुळे मोठे मणी मध्यभागी थोडेच ठेवून बाजूंना लहान मणी ओवतात किंवा मोठे मणी चपटे करतात.

पक्वमृदेचा मणी सच्छिद्र असल्यामुळे घाम व तेल शोषतो आणि आपटल्यास फुटतो. पॉलिमर क्लेचा मणी पाणी शोषत नाही व सहज फुटत नाही, परंतु अत्तरे आणि नेलपॉलिश काढण्याचे द्रव यांनी त्याचा पृष्ठभाग बिघडू शकतो. टाकून दिल्यावर तो प्लॅस्टिकचा कचरा ठरतो. भाजलेली माती हजारो वर्षे टिकली तरी तिच्यात मूळ जमिनीतील खनिजद्रव्येच असतात.

## पुरातत्त्वीय महत्त्व आणि जतन

मणी कोणत्या थरात आणि कोणत्या वस्तूंसोबत सापडला, यावरून त्याचा काळ व उपयोग ठरतो. वेज असलेली मातीची प्रत्येक वस्तू मणी नसते. सूतकताईच्या चातीवर बसवायच्या मातीच्या चकत्याही तशाच दिसतात. आकार, वजन, वेजाची झीज आणि सापडण्याची जागा पाहूनच त्यांतील भेद करता येतो. नेवासे येथील ताम्रपाषाणयुगीन बालदफनात तांब्याच्या मण्यांचा सर मृत बालकाच्या गळ्यात मूळ जागी मिळाला. मण्यांना चिकटून राहिलेल्या धाग्याच्या परीक्षणातून कापूस व रेशीम यांचे तंतू ओळखले गेले. चांडोली (जि. पुणे) येथील अशाच सराचा धागा जवसाच्या तंतूंचा असल्याचे आढळले. हे मणी सुटे उचलले गेले असते किंवा धुऊन काढले असते, तर दख्खनमधील प्राचीन वस्त्रविद्येचा हा पुरावा नष्ट झाला असता.

या कारणास्तव नदीकाठच्या पांढरीच्या टेकाडांवर पावसाळ्यानंतर उघडे पडणारे मणी गोळा करणे अभ्यासाच्या दृष्टीने हानिकारक ठरते. शंभर वर्षांपेक्षा जुन्या अशा वस्तू पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये पुरावशेष ठरू शकतात. असा मणी दिसल्यास तो जागचा न हलवता छायाचित्र व स्थळाची नोंद घेऊन पुरातत्त्व विभागास कळवणे योग्य होय.

## हेही पहा

* जोर्वे संस्कृती
* इनामगाव
* पांडवलेणी
* तेर
* कुंभार
* पॉलिव्हिनाइल क्लोराइड