हातची जोडी आणि तिचें गणित

माझा एक पुतण्या नोकरीनिमित्त लंडनला असतो. रात्रीं जेवण झाल्यावर तो तासभर संगणकावर पोकर नांवाचा पत्त्यांचा खेळ थोडे पैसे लावून खेळतो. आपल्याकडे २०२५ सालीं संसदेनें पैशाच्या असल्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा केला. ब्रिटनमध्यें ते परवान्यानें चालतात. गेल्या हिवाळ्यांत त्याचें पत्र आलें: "काका, हातांत दोन राजे येऊनही मी हरतों. यंत्र लबाड आहे. तुम्ही जन्मभर गणित शिकविलेंत, एवढें तपासून सांगा." सोबत त्यानें आपल्या डावांचीं टिपणें धाडलीं होतीं, प्रत्येक डाव लिहून ठेवण्याची सोय त्या यंत्रांतच असते.

खेळ असा. प्रत्येकाला दोन पानें झांकून मिळतात. मग मध्यें पांच पानें उघडीं पडतात, प्रथम तीन एकदम व नंतर एकेक. तीं सर्वांना सामाईक. सातांतून ज्याचीं पांच पानें सरस ठरतील, त्याची मधली रास. दर टप्प्याला रक्कम भरावयाची, चढवावयाची, किंवा पानें टाकून स्वस्थ बसावयाचें. झांकलेलीं दोन्ही पानें एकाच मोलाचीं आलीं, तर तिला पॉकेट पेअर म्हणतात; आपण हातची जोडी म्हणूं. एक पान आल्यावर उरलेल्या ५१ पानांत त्याचे जोडीदार तीनच, म्हणून सरासरीनें सतरा डावांत एकदांच ती येते. इतकी वाट पाहून आलेली वस्तु टाकवत नाहीं, हीच मेख आहे.

राजांचा खटला प्रथम निकालांत काढूं. दोन राजे हातीं असतां पहिल्या तीन उघड्या पानांत निदान एक एक्का पडण्याचा संभव शेंकडा २३ च्या जवळपास आहे. राण्या असल्या तर त्यांहून मोठें पान पडण्याचा संभव ४१, आणि गुलाम असले तर ५७! एक्क्यांची जोडीसुद्धां एका प्रतिस्पर्ध्यासमोर शंभरांत ८५ वेळां जिंकते. पण पांच जण अखेरपर्यंत टिकले तर निम्म्याहून किंचित् कमीच. पुतण्या काय करी? राजे आले कीं लपवून बसे, दोनच सेंट भरी, आणि पांच जणांना स्वस्तांत आंत घेई. अल्प पैशाच्या मेजावर लोक सहसा पानें टाकीत नाहींत. "दोन सेंट गेले तर गेले" असा तेथला बाणा. तेथें लपवाछपवी व्यर्थ. मोठी जोडी आली कीं उघडपणें रक्कम चढवावी. भरणारे भरतातच, फक्त गर्दी कमी होते. यंत्र निर्दोष सुटलें.

परंतु टिपणें पुन्हां चाळतांना खरा चोर निराळाच सांपडला. राजे फारच थोड्या डावांत होते. दुर्री, चौकी, पंजी यांच्या जोड्यांवर मात्र तो रोज थोडेथोडे घालवीत होता, आणि त्याची पत्रांत वाच्यताही नव्हती!

समजा, दुसऱ्यानें सहा सेंट लावले आणि आपल्या हातीं दोन पंज्या आहेत. पहिल्या तीन पानांत तिसरी पंजी येणें, म्हणजे आपल्या तीन पत्तींतला ट्रेल होणें, साडेआठ वेळांतून एकदां घडतें. साडेसात वेळां सहा सेंट गेले, म्हणजे ४५ सेंट झाले. ते त्या एका खेपेस वसूल झाले पाहिजेत. पण पंजी आली तरी समोरचा पैसे देईलच असें नाहीं, आणि क्वचित् तोच वरचढ निघतो. म्हणून जाणते खेळाडू भरावयाच्या रकमेच्या पंधरा-वीस पट, येथें सुमारें एक डॉलर, समोरच्यापाशीं व आपल्यापाशींही शिल्लक आहे कीं नाहीं हें आधीं पाहतात. त्याच्यापाशीं पन्नासच सेंट उरले असतील तर पंज्या टाकाव्या. पुतण्या हें पाहत नसे. आणखी एक, तिसरी पंजी न आली तरी "पुढच्या पानाला येईल" म्हणून तो पुन्हां भरी. न पाहिलेल्या ४७ पानांत पंज्या दोनच. ही आशा फार महाग. शिवाय खेळविणारी कंपनी बहुतेक राशींतून आपला वांटा आधींच कापून घेते, तो निराळाच.

मोठ्या जोडीलाही एक जागा सोडून देण्याची असते. रात्रभर मुकाट्यानें बसलेला गृहस्थ शेवटच्या पानावर एकाएकीं मोठी रक्कम चढवितो, तेव्हां अशा मेजांवर तो बहुधा थाप मारीत नसतो. तेथें राण्या टाकतांना मनाला लागतें खरें. पण तो राजांवर रडणारा पुतण्या तेथेंच दोन डॉलर घालवून बसला होता.

हें सारें मीं लिहून कळविलें. पंज्यांचें त्याला पटलें. गुलामांच्या जोडीवरून मात्र आमचा पत्रव्यवहार अजून चालू आहे: दोघांनीं आधींच रक्कम चढविली असेल तर त्या पंज्यांसारख्या समजाव्या असें मी म्हणतों, आणि तो म्हणतो, "काका, चित्राचें पान आहे!"